सान्नासाठी पाणी

डोर्का लिंक्स शाळेची गाडी चालवायची. आरशातून तिनं नुसतं मागं बघितलं की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा खिडकीबाहेर काढलेले हात मुकाट्यानं आत घेत. घरी बाप म्हातारा झाला होता, पण त्याचीही यातून सुटका नव्हती. "ही जन्मली तेव्हा रडली नाही," टायटस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "सुइणीवर खेकसली."

त्या दिवशी सकाळी स्टाइनकॉफच्या पेट्रोल पंपावर बापलेकीची अशीच जुंपली होती. सीमेच्या नदीपलीकडे, नामिबियात, टायटसच्या थोरल्या बहिणीनं अंथरूण धरलं होतं आणि ती आता उठायची नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तिच्याकडे जायला वाटा दोन. एक सरळ उत्तरेला, सीमेवरच्या पुलावरून. दुपारच्या जेवणाला माणूस आरामात पोचतो. दुसरी पश्चिमेला वळून, कुबूस गावावरून रिख्टर्सफेल्टच्या डोंगरांत शिरणारी. तिथं आता राष्ट्रीय उद्यान आहे, पूर्वी टायटसच्या बापाच्या शेळ्या होत्या. त्या वाटेच्या शेवटी नदीवर एक तराफा आहे, तो गाड्या पलीकडे नेतो. डोर्काला पूल हवा होता, म्हाताऱ्याला डोंगर.

"तिनं पाणी मागितलंय," टायटस म्हणाला. "आमच्या झऱ्याचं."

"पा, तिला घोटभर दूध गिळवत नाही म्हणे."

"म्हणून तर झऱ्याचं मागितलं. नळाचं काय, कुणीही पाजेल."

"आणि झरा आटला असेल तर? किती वर्षांत तिकडं धड पाऊस नाही."

"आटला असेल तर आटलेला बघू. तू गाडी चालव, अक्कल चालवू नकोस."

"तुम्ही आधी स्वतःची हाडं बांधून घ्या. त्या रस्त्यानं निम्मी वाटेत गळतील." डोर्कानं टाकीचं झाकण दणकन लावलं. "पुलावरूनच जायचं. विषय संपला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून इझाक बोलत होता, म्हणजे तिचा आतेभाऊ, मरणाच्या दारात असलेल्या त्याच आत्याचा मुलगा. हा माणूस फोनवर डोर्काला कधी नावानं हाक मारत नसे. आतेमामेभावंडांत टवाळी चालायचीच. 'काय गं घोरपडे, अजून कुणी लग्न नाही ना केलं तुझ्याशी?' इथून त्याची सुरुवात व्हायची.

"डोर्का," तो म्हणाला, "पा जवळ आहेत का? जरा बाजूला जा."

ती चाकांत हवा भरायच्या यंत्रामागं गेली. तिथं उभ्या उभ्या तिनं ऐकलं. आत्या पहाटे गेली होती. उकाडा फार, म्हणून उद्याच पुरायचं होतं.

"त्यांना सांगू नकोस," इझाक म्हणाला. "मी सांगेन. माझं आहे ते."

होतं खरं. त्यांच्या घराण्यात बहिणीचं बरंवाईट भावाला सांगायचं ते तिच्या मुलानं. मामाला बसवायचं, त्याचा हात हातात घ्यायचा आणि मग तोंड उघडायचं. रस्त्यात नाही, फोनवर नाही, आणि लेकीच्या तोंडून तर मुळीच नाही. टायटसला स्वतःच्या मामाचा हात असाच धरावा लागला होता आणि ती गोष्ट त्यानं डोर्काला लहानपणापासून शंभरदा सांगितली होती.

"कधी पोचाल?" इझाकनं विचारलं.

डोर्कानं गाडीकडे बघितलं. टायटस पुढच्या सीटवर बसून रिकामी काचेची बाटली रुमालानं आतून पुसायचा प्रयत्न करत होता आणि रुमाल आत अडकला होता. डोक्यावर त्याची ती तपकिरी हॅट, पट्ट्यात शहामृगाचं पीस खोचलेलं.

"संध्याकाळी," ती म्हणाली. "तराफ्यानं येतो."

का म्हणाली असेल? आता घाई कसली उरली होती? इतकाच विचार तिच्या डोक्यात आला. बाप आहे तसा आनंदात एक दिवस राहील तर राहू दे. झरा बघेल, पाणी भरेल, संध्याकाळी व्हायचं ते होईलच. चांगल्या मनानं माणूस केवढी मोठी चूक करून बसतो, ते करताना कळत असतं तर काय हवं होतं. गाडीत बसून तिनं चाक डावीकडे वळवलं.

टायटस बघतच राहिला. "हे काय? पूल इकडं नाही."

"पाणी हवंय ना तुम्हाला? मग चला."

"ऊन लागलं का गं तुला?" असं म्हणून तो जो हसत सुटला, तो पुढचं गाव येईपर्यंत.

कुबूस मागं पडलं तसा फोन मुका झाला. रस्ता आधी खडीचा होता, मग नुसता दगडांचा. उद्यानाच्या दारात विलेम नावाचा रखवालदार सावलीला खुर्ची टाकून बसला होता. टायटसला त्यानं लांबून ओळखलं.

"पाहुणे आले म्हणायचे," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "नियम ऐका, म्हातारबुवा. दगड उचलायचा नाही, झाड तोडायचं नाही, सरपण गोळा करायचं नाही, अंधार पडल्यावर गाडी हाकायची नाही."

"अरे गाढवा, तुझ्या त्या खुर्चीखाली माझ्या आजीची चूल आहे."

"मग आजीला सांगा, पेटवायची नाही. वणवा लागेल." विलेम हसला, मग डोर्काकडे वळला. "कुठवर?"

"तराफ्यावर. चालू आहे ना?"

"सकाळी होता. नदी गाईसारखी गरीब आहे सध्या." आणि मग त्यानं टायटसला विचारलं, "थोरल्या बाई कशा आहेत?"

"वाट बघतेय," टायटस म्हणाला. "मला माहीत आहे ना. मी आल्याशिवाय ती हलायची नाही."

डोर्कानं गिअर टाकला तो चुकीचा पडला आणि गाडी कर्रकन ओरडली. एरवी म्हातारा यावर दिवसभर बोलला असता. आज तो बाटली मांडीवर धरून डोंगर बघत होता.

डोंगर तसे बघण्यासारखेच आहेत, पण जो तिथं वाढला तो डोंगर बघत नाही, त्यात आपलं काय हरवलं ते शोधतो. "या घळीत आमची काळी शेळी पडली." "या खडकाखाली मी आणि ती पावसात बसलो होतो." तो बहिणीला 'ती'च म्हणायचा. उतारावर अर्धमाणसं उभी होती. ती खरी झाडंच, माणसाएवढी, काटेरी, डोक्यावर पानांचा झुबका. सगळ्यांची मान उत्तरेला, नदीकडे कललेली. जुनी माणसं म्हणतात की पूर्वी आपलेच लोक पलीकडून हाकलले गेले आणि मागं वळून बघता बघता तिथंच थिजले. यंदा त्यांतली बरीच वाळून आडवी झाली होती.

"डोर्का," टायटस एकदम म्हणाला, "आज मी तिच्याशी बोलणार आहे."

"बोला की."

"तसं नाही. तोंडावर. नाव घेऊन."

डोर्काचा पाय आपोआप हलका झाला. तिच्या उभ्या आयुष्यात बापानं आत्याचं नाव घेतलेलं तिनं ऐकलं नव्हतं. त्यांच्यात मोठा झालेला भाऊ बहिणीशी थेट बोलत नाही. इतका मान की तिच्याकडे नीट बघायचंही नाही. काही सांगायचं तर मध्ये कुणीतरी हवं. डोर्का लहानपणी तेच काम करायची. दोघं एकाच चुलीशी, हाताच्या अंतरावर बसलेली असत आणि टायटस म्हणे, "तिला सांग, सरपण आणलंय." डोर्का मान वळवून सांगे, "आत्या, सरपण आणलंय." आत्या राखेकडे बघत म्हणे, "त्याला सांग, ठेव म्हणावं. आणि पुढल्या वेळी पाय पुसून आत ये म्हणावं." डोर्का पुन्हा मान वळवी. लहान असताना तिला वाटायचं, या दोघांना कमी ऐकू येतं.

"लोक काय म्हणतील?" डोर्का म्हणाली, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं.

"लोक मरू देत. मरणाऱ्या माणसापुढं कसला मान? लहानपणी मी तिला नावानंच हाका मारायचो. मग माझा आवाज फुटला आणि एके दिवशी आईनं सांगितलं, आजपासून नाही. झालं. तिला शेवटची हाक मारली तेव्हा ती शेवटची आहे हे मला कुठं ठाऊक होतं?" तो खिडकीबाहेर बघू लागला. मग घसा साफ करून म्हणाला, "सा." आणि थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "सा... हॅ. तू रस्त्याकडे बघ, माझ्याकडे नको."

ती रस्त्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं शेजारून हळू आवाज आला. "सान्ना." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "सान्ना." आणि मग तो स्वतःशीच इतका खूश झाला की खिशातलं सुकं मांस काढून त्यानं तुकडा तिच्या तोंडात कोंबला. तिच्यानं तो ना चाववेना, ना गिळवेना.

झरा आटला होता. काळ्या कातळाच्या पायथ्याशी जिथं पूर्वी शेळ्या ढोपरभर पाण्यात उभ्या राहत, तिथं पांढरी, तडकलेली माती होती आणि माकडांनी उकरलेले खड्डे. डोर्काला वाटलं, आता म्हातारा खचेल. तो मात्र गुडघे टेकून हातांनी वाळू उपसायला लागला.

"पा, मी करते."

"तुला जागा माहीत नाही."

तो उकरत राहिला, दमला की टेकून बसला, पुन्हा उकरू लागला. खड्ड्याच्या तळाशी वाळू काळी झाली, मग ओली झाली, मग कधीतरी तिथं नखभर पाणी साठलं. त्यानं ते बाटलीच्या झाकणानं उचललं आणि पुन्हा वाट बघत बसला. सूर्य कातळाच्या पलीकडे उतरायला लागला. एरवी डोर्कानं डोंगर दुमदुमवला असता. आज ती बाजूला बसून, त्याची मान उन्हात आली की आपली सावली त्याच्यावर पडेल अशी सरकत होती.

मनात तिनं ते वाक्य तीनचारदा जुळवलं. इथंच सांगावं. इथं त्याचं बालपण आहे, इथं रडला तर कुणी बघणार नाही. हात धरायचा एवढंच ना? माझाही हात आहे.

"पा," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं. मिशीला वाळू लागली होती, डोळे पोरासारखे चमकत होते. "काय?"

"काही नाही. हॅट सरळ करा."

"ही?" तो हसला. "आज ही जाणार. तो चोर टपूनच बसला असेल."

चोर म्हणजे इझाक. बहिणीशी जितकं अंतर, तितकीच बहिणीच्या मुलाशी मोकळीक. भाच्यानं मामाची टर उडवायची, त्याच्या कळपातली देखणी शेळी हक्कानं ओढून न्यायची. मामानं बदल्यात भाच्याचं सगळ्यांत मरतुकडं जनावर उचलायचं. दोघांकडेही शेळ्या राहिल्या नाहीत तेव्हा गोष्ट हॅटवर आली. दर भेटीत इझाक पहिल्या क्षणी हॅट हिसकावायचा आणि टायटस त्याची फाटकी टोपी घालून त्याला शिव्या देत हिंडायचा. निघताना हॅट परत मिळायची.

बाटली अर्धी भरली. पाणी गढूळ होतं, मातकट. टायटसनं ते उन्हासमोर धरून बघितलं. "आहे तेच," तो म्हणाला. "चव तीच असणार." स्वतः मात्र त्यानं थेंब चाखला नाही.

शेवटचं वळण उतरून ते नदीवर आले तेव्हा डोर्कानं करकचून ब्रेक दाबला. गाईसारखी गरीब म्हटलेली नदी तपकिरी होऊन काठ खात धावत होती. अख्खी झाडं मुळांसकट वाहत चालली होती. तराफा अलीकडच्या काठाला दुहेरी दोरांनी बांधलेला होता आणि तराफेवाला त्यावरच्या फळ्या काढून वर नेत होता.

"दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडलं," तो म्हणाला. "आज नाही, उद्याही नाही. परवा बघू."

"आम्हाला आज जायचंय," डोर्का म्हणाली. तिचा शाळेच्या गाडीतला आवाज पहिल्यांदाच निघाला, पण त्याच्यासमोर नदी होती. तराफेवाल्यानं फक्त पाण्याकडे हात केला.

पुलाकडे जायचं तर अख्खा डोंगर परत ओलांडायचा. अंधारात त्या दगडांवरून गाडी हाकायला बंदी होती, आणि बंदी नसती तरी कुणी हाकली नसती. उजाडल्यावर निघालं तरी पोचेपर्यंत उद्याचा दिवस सरणार. आत्याला उद्या सकाळीच पुरणार होते. सकाळी सरळ गेले असते तर एव्हाना पोचले असते, तो बहिणीच्या उशाशी बसला असता. डोर्कानं चाक डावीकडे वळवलं होतं, तिनं स्वतः, लाडानं.

पलीकडच्या काठावर एक पांढरी गाडी उभी होती आणि दोनतीन माणसं. त्यांतला एक पाण्यापर्यंत उतरून आला. उंचीवरून आणि पोटावरून इझाकच.

"तो बघ चोर!" टायटसनं हात उंचावले. "ए ढेरपोट्या! तुझ्या नदीला आवर की!"

वाऱ्यातून आवाज तुटक येत होता, पण येत होता. डोर्काला इझाकची अवस्था इथून कळत होती. हात धरता येत नाही, बसवता येत नाही आणि मरण काय नदीपलीकडे ओरडून सांगायचं? मग त्यानं हात तोंडाभोवती धरले.

"मामा! तुम्ही अजून जिवंत? मला वाटलं, गिधाडांनी तक्रार केली असेल, मांस फार चिवट म्हणून!"

टायटस पोट धरून हसला. "तुझ्या बायकोला विचार, दर वर्षी देखणा होतोय!"

"तिची नजर अधू आहे, मामा! म्हणून तर मला केलं!"

तराफेवालाही हसला. डोर्का गाडीच्या दाराला धरून उभी होती. इझाक चांगला करत होता. घसा फाडून, हात नाचवून, नेहमीसारखा. हे असंच संध्याकाळभर चालावं, मग अंधार पडावा, असं तिला वाटलं.

टायटसनं हॅट काढली आणि हातात नाचवली. "ही बघ! ये, घेऊन जा! पोहता येतं ना बेडका? नाहीतर उद्या पुलावरून येतोच आहे मी, तयार राहा!"

पलीकडे इझाकचे हात खाली आले होते. मग त्याचा आवाज आला, मोठा, पण साधा.

"राहू द्या मामा. घाला डोक्यावर. ऊन आहे अजून."

टायटसचा हात हवेत होता तो तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. तो हॅटकडे बघू लागला, पिसाकडे, पट्ट्याकडे. भाच्यानं मामाच्या उन्हाची काळजी केली होती. असं त्यांच्यात कधी घडलं नव्हतं, घडतही नाही.

त्यानं पट्ट्यातलं पीस बोटानं सरळ केलं.

"तू वाटभर एकदाही खेकसली नाहीस माझ्यावर," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. "झऱ्यावर एवढा वेळ लावला, तरी नाही. मला वाटलं, सहलीला निघालो म्हणून खुशीत आहे पोर."

डोर्काला रडू फुटलं. "पा, मला सांगता येत नव्हतं."

"नाही येत," तो म्हणाला. "बरोबर केलंस. त्याचं काम होतं." मग जरा वेळानं, "पंपावरचा फोन?"

तिनं मान हलवली.

"आणि आपण मग इकडं वळलो." यात दोष देणं नव्हतं. तो फक्त वाट पुन्हा मनात चालून बघत होता. डोर्काला त्यानं दोन थपडा मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो उतरून पाण्याच्या कडेला गेला. हॅट त्यानं घातली नाही, दगडावर ठेवली. दुसऱ्या हातात बाटली होती. पलीकडे इझाकनंही टोपी काढली होती आणि त्याच्यामागची माणसं उभी होती तिथंच खाली बसली होती. सगळ्यांना कळलं होतं की म्हाताऱ्याला कळलं.

टायटस ताठ उभा राहिला. त्यानं छातीत हवा भरली. दिवसभर गाडीत घोकलेलं नाव आता त्याच्या ओठांवर होतं. डोर्काला ते दिसत होतं, पहिलं अक्षर, वरखाली होणारा गळा. ती मनातल्या मनात त्याच्याबरोबर म्हणत होती. म्हणा पा. आता कुणी काही म्हणणार नाही. एकदाच म्हणा.

त्याचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज निघाला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग मान खाली घातली, नदीकडची नजर काढून घेतली आणि पूर्वी चुलीशी बसून बोलायचा तसा शेजारच्या दगडाकडे बघत म्हणाला,

"तिला सांग, पाणी आणलंय."

डोर्का त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनं हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली, "आत्या, पाणी आणलंय!"

पलीकडे इझाकनं कानामागं हात धरला. वारा फिरला होता, त्याला ऐकू आलं नव्हतं. ती पुन्हा ओरडली.